दोन तुकड्यांचा अडसर

जिथल्या ऑलिव्हच्या झाडांचे वय तिथल्या भांडणांहूनही मोठे आहे, अशा एका देशात एकदा एक वृद्ध तेली राहत असत. तेली हा शब्द मी सैल हाताने वापरत नाही. त्यांचे घराणे मूळचे आपल्या कोकणातले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव ज्यांना शनवार तेली म्हणत आले, त्या ज्यू मंडळींपैकी. तरुणपणी ते तिकडे गेले. तीळ आणि खोबरे मागे राहिले, हाती ऑलिव्ह आले. घाणा मात्र सुटला नाही. पेणचे माझे एक तेलवाले स्नेही ही गोष्ट फार रंगवून सांगत. मला तेवढे साधणार नाही, पण माल तोच आहे.

ते राहत ती एक टेकडी होती. वरच्या अंगाला ज्यूंची वस्ती, खालच्या अंगाला पॅलेस्टिनी अरबांची, आणि मध्ये दगडी भिंतींचे एकच घाणाघर. आतले जाते इतके जुने की ते कोणी बसवले हे कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे दोन्ही वस्त्यांना ते अगदी खात्रीने ठाऊक होते. दोन्हीकडे अशी घरे होती जिथे जेवायला बसताना एक ताट कमी मांडले जाई, आणि ते कोणामुळे कमी झाले हे बोट दाखवून सांगितले जाई. वृद्ध तेल्याला वरचे लोक ‘सबा’ म्हणत, खालचे ‘जिद्दो’. दोन्हींचा अर्थ आजोबा.

सबांचा एक शिष्य होता, योताम. वरच्या वस्तीतला, बुद्धीने तल्लख, धर्माने काटेकोर. घाणाघराच्या कुलपाची किल्ली त्याच्या कमरेला असे. कारण वरच्या पंचांचा ठराव होता की कुलूप आपल्याच माणसाच्या हाताने उघडावे. खालचे लोक ऑलिव्ह घेऊन आले की योताम उतरून दार उघडी. याचा त्याला अभिमान होता.

एका संध्याकाळी त्याने विचारले, “सबा, या भूमीत एक राज्य असावे की दोन? जो येतो तो हेच विचारतो. तुमचे मत काय?”

“आधी चोथा काढ,” सबा म्हणाले. “वास आला की रानडुकरे येतात. त्यांना मत नसते.”

त्या हंगामात एका शुक्रवारी दुपारी गरम वारा सुटला. तिकडे हा वारा आला की फळ झाडावर सुकू लागते, आणि पोत्यात भरून ठेवले तर आतल्या आत तापून कुजते. खालच्या वस्तीतील रुवैदा नावाच्या विधवेने आपली निम्मी झाडे घाईघाईने उतरवली. वर्षभराचे तेल, त्यातून घरचे मीठ-पीठ आणि सासूचे औषध, सारे त्या झाडांवर होते. पोती भरून घाणाघरापाशी आणेपर्यंत सूर्य मावळला आणि वरच्या वस्तीचा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्राम, सुरू झाला.

सकाळी ती चढून योतामच्या दारात आली.

“किल्ली दे, पोरा. पोत्यात हात घातला तर तव्यावर ठेवल्यासारखा लागतो.”

“खाला,” तो तिला मावशी याच अर्थाने हाक मारी, “आज मला किल्ली हातात धरता येत नाही. घराबाहेर नेता तर मुळीच येत नाही.”

“तू धरू नकोस. खिळ्यावर आहे ती मी घेते.”

“ठराव आहे. आमच्याच हाताने उघडायचे.”

“आणि तुमचा हात आज उघडत नाही.”

“संध्याकाळी तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो, मग मी धावत येतो. आजवर कधी तुम्हाला नाही म्हटले आहे का मी?”

रुवैदा त्याच्याकडे पाहून हसली. “नाही म्हणायची तुला गरजच पडत नाही रे. दाराला कुलूप आहे ना.”

तारे दिसताच योताम खरोखरच धावत आला. पण पोती उघडली तेव्हा आंबूस वाफ अंगावर आली. सबांनी तेल काढले, बोट बुडवून जिभेला लावले आणि म्हणाले, “साबणाला चालेल.” रुवैदाची उरलेली निम्मी झाडे अजून उतरायची होती.

दुसऱ्या दिवशी सबांनी योतामच्या कमरेची किल्ली मागून घेतली आणि रुवैदाच्या हाती दिली. “आता ही तुझ्याकडे.”

वरच्या वस्तीत गदारोळ झाला. म्हातारा भ्रमिष्ट झाला, असेही कोणी म्हणाले. योतामने अपमान गिळला.

रुवैदाने ती किल्ली गळ्यातल्या गोफात ओवली. त्या गोफात आधीच एक किल्ली होती, मोठी, गंजलेली. तिच्या आजोबांच्या घराची. ते घर आता उभे नाही, ती गल्लीही नाही. पण आजोबांनी ती आजीच्या गळ्यात घातली, आजीने आईच्या, आणि झोपतानाही ती काढायची नाही अशी त्या घराची रीत.

पुढे काय झाले ते तुमच्या लक्षात आले असेल. डोंगरापलीकडच्या गावी भाचीचे लग्न निघाले. रुवैदा गेली. गळ्यातला गोफ काढायचा नाही या सवयीने दोन्ही किल्ल्या तिच्याबरोबर वरातीत नाचून आल्या. इकडे योतामच्या आईची पोती घाणाघराच्या दारापाशी तापत राहिली. लग्नघराचे पाहुणचार उरकून रुवैदा परतली, तेव्हा दारासमोर योताम उभा होता.

“खाला, हे मुद्दाम केलेत?”

तिचा हात गळ्याकडे गेला आणि तिथेच थांबला. “देवाशपथ नाही. ही काढायची सवयच नाही मला.”

“मलाही शनिवारी हात लावायची सवय नव्हती,” योताम म्हणाला.

तिने दार उघडले, दोघांनी पोती आत ओढली; त्यांतूनही तीच आंबूस वाफ आली. दोन्ही वस्त्यांना मात्र बोलण्यासारखे पुष्कळ होते. ठरले की घाणाघराच्या मधोमध भिंत घालावी. अर्धे यांचे, अर्धे त्यांचे.

इथे मला आमच्या पेठेतले दोघे भाऊ आठवतात. वडील गेल्यावर त्यांनी दुकानात फळ्यांची भिंत घातली. एकाच्या वाट्याला तराजू आला, दुसऱ्याच्या वाट्याला रस्त्याकडचे दार. आत तराजूवाला गिऱ्हाइकाची वाट पाहतो आहे, बाहेर दारवाला गिऱ्हाइकाला ‘वजन अंदाजाने घ्या’ म्हणतो आहे. गिऱ्हाईक समोरच्याकडे जाऊ लागले. समोर मी होतो, म्हणून मला हे बारकाईने माहीत. काही दुकाने वाटता येतात, मी नाही म्हणत नाही. मीही वाटून दिली आहेत. पण आधी तराजू कुठे आहे ते पाहावे लागते.

घाणाघरातही तेच. जाते वरच्या बाजूला होते, पाण्याचे टाके खालच्या. कुठूनही रेघ ओढली तरी एकाला दगड मिळे आणि दुसऱ्याला पाणी. तेल कोणालाच नाही. तरी लोक चुना कालवायला निघाले.

त्या सकाळी मंडळी जमली तेव्हा सबा उंबऱ्यावर बसून एक चांगली जाडजूड ओकची तुळई करवतीने मधोमध कापत होते. कापून झाल्यावर एका तुकड्याच्या टोकाला त्यांनी खाच पाडली, दुसऱ्याच्या टोकाला जीभ ठेवली. दाराच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या ठोकल्या. मग जुने कुलूप काढले आणि उघडे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याच्या तळाशी ठेवून दिले.

एक तुकडा त्यांनी योतामला दिला, दुसरा रुवैदाला. “आता दार लावा.”

योतामने आपला तुकडा आपल्या बाजूच्या कडीतून सरकवला. तो एकटा लोंबकळत राहिला. धक्का दिला की दार उघडे. रुवैदाने दुसऱ्या बाजूने आपला सरकवला. खाचेत जीभ बसली आणि दार घट्ट झाले.

“आता उघडा.”

रुवैदाने एकटीने आपला तुकडा ओढला. दार मोकळे झाले.

वरच्या वस्तीतले एक पंच, गब्रिएल नावाचे, हसून म्हणाले, “सबा, अख्खी तुळई होती, ती कापून तुम्ही अडसराचे दोन सोटे केलेत. उघडणे सोपे आणि लावणे अवघड, असले दार कोणी पाहिले आहे का?”

“मीही पाहिले नव्हते,” सबा म्हणाले. “म्हणून करावे लागले.”

मंडळी पांगली. चुना तसाच राहिला. योताम मात्र तिथेच बसून होता.

“सबा, मला समजले नाही. कुलूप काय वाईट होते? मी कोणावर अन्याय केला नव्हता.”

सबांनी करवत पुसून बाजूला ठेवली. “केला नव्हतास. म्हणूनच तुला सांगतो आहे. अन्याय करणाऱ्याला हे सांगून उपयोग नसतो. हे कुलूप कशासाठी होते? चोरांसाठी नाही. तेल ज्याचे तो घरी नेतो, आणि जाते उचलून नेणारा चोर अजून जन्मायचा आहे. डुकरांसाठी म्हणशील, तर डुकराला साधा अडसर पुरतो. कुलूप होते ते घर कोणाचे हे सांगण्यासाठी. आपल्या लोकांना जगात किती दारांबाहेर काढले हे तुला पाठ आहे. म्हणून एकदा किल्ली मुठीत आली की मूठ उघडत नाही. मी त्या मुठीला हसत नाही, माझीही तशीच आहे. पण तिच्या गळ्यात पाहिलेस? तीही तेच धरून बसली आहे. तुझ्या किल्लीला दार आहे, तिच्या किल्लीला नाही, एवढाच फरक. किल्ली तुझ्याकडे असताना तुझा धर्म आड आला, तिच्याकडे असताना तिचे दुःख आड आले. दोघेही सज्जन, आणि दोघांचीही पोती कुजली. ज्या घराची किल्ली एकाच्याच हातात असते त्या घरात दुसरा पाहुणा असतो नाही तर कैदी, भागीदार नसतो. पाहुण्याला तू कितीही प्रेमाने वाढलेस तरी तो घास मोजूनच जेवतो.”

“आणि उद्या ते संख्येने वाढले आणि आपल्यालाच बाहेर ठेवले तर?”

“कितीही वाढू देत. त्यांच्या तुकड्याने एकट्याने दार लागत नाही. आपण वाढलो तरी आपल्याने लागत नाही. आत यायला कोणाची परवानगी नको, आणि बाहेर ठेवायला दोघांची संमती हवी. एवढे एक कलम पाळले तर मला बाकीचे भांडण चालेल. एकमेकांवर प्रेम करा असे मी सांगत नाही. जखमा ओल्या आहेत, ते सांगायला मला लाज वाटेल.”

“पण देश म्हणजे घाणाघर नव्हे, सबा.”

“नव्हे. देश मोठा, म्हणून भीतीही मोठी. एक राज्य की दोन, त्याचा नकाशा माझ्याकडे नाही. नकाशा घेऊन येणाऱ्याला मी एवढेच विचारीन, की बाबा, यात दार कोण लावणार? ‘मी एकटा’ असे उत्तर आले, तर तो वरचा असो की खालचा, त्याला म्हणेन, आधी पोते उघडून वास घे.”

पुढच्या शुक्रवारी पुन्हा गरम वारा सुटला. रुवैदाने उरलेली झाडे उतरवायला घेतली. योतामपुढे पेच होता. खालचे लोक शनिवारी घाणा चालवणार, आणि संपल्यावर दार लागायला हवे, नाही तर चोथ्याच्या वासाने येणारी डुकरे टाके घाण करून टाकणार. पण शनिवारी त्याला लाकूड उचलून खाली न्यायचे नव्हते.

सूर्य मावळण्यापूर्वी तो आपला तुकडा घेऊन उतरला आणि कडीत सरकवून तसाच सोडून निघाला. वाटेत गब्रिएल भेटले.

“कुठे ठेवून आलास?”

“दारात.”

“त्यांच्या दयेवर?”

“दारात,” योताम पुन्हा म्हणाला.

“चांगले वाळलेले ओक आहे. उद्या त्यावर त्यांचा भात शिजेल.”

शनिवारचा दिवस फार सावकाश गेला. प्रार्थनेत योतामचे मन लागले नाही. दुपारी खालून जात्याची घरघर ऐकू येत होती, मग तीही थांबली. तीन तारे दिसले तेव्हा तो धावला नाही, चालत उतरला.

दार लागलेले होते. त्याचा तुकडा जिथे होता तिथेच होता, आणि त्याच्या खाचेत दुसऱ्या तुकड्याची जीभ बसलेली होती. शेजारच्या दगडावर रुवैदा बसली होती, पायाशी तेलाचे बुधले. तिने भाकरीचा एक तुकडा ताज्या तेलात बुडवून त्याच्यापुढे धरला. तेल हिरवे होते आणि घशात तिखट उतरत होते, जसे चांगले तेल उतरते.

“तुझी खाच घट्ट आहे,” ती म्हणाली. “जीभ बसवताना माझा अंगठा चेचला. तासून आण.”

“उद्या आणतो.”

“उद्याच आण. आणि फार तासू नकोस. ढिली झाली तर डुकरे येतील.”

योताम तिथेच टेकला. एवढ्यात सबा काठी टेकत आले, दोन्ही हातांनी अडसर हलवून पाहिला आणि परत फिरले. योतामने त्यांना प्रश्न विचारला नाही. गब्रिएलसारखे लोक उद्याही हसतील आणि खालीही तसे हसणारे असतील, हे त्याला कळत होते. त्याने खाचेवर अंगठा फिरवला आणि कुठून किती तासायचे त्याचा अंदाज घेतला.

आपल्याकडे जे कोणी कुणाशी वाटणीला किंवा भागीदारीला बसले असतील, त्यांनी घरी गेल्यावर आपले दार बाहेरून एकदा पाहून घ्यावे.