बाबलशेठच्या ओटीवरचा शिक्का

तुमच्या घरी येऊन एखादी बाई तुमचे काम करून गेली आणि पैसे द्यायच्या वेळी तुम्हीच म्हणालात, "ही तर आलीच नव्हती," तर त्या बिचारीने काय करावे, सांगा बरे?

वेळणगडच्या मथुरेपुढे हाच प्रश्न उभा होता. त्या संस्थानात प्रत्येक कागदाला सरकारी शिक्का लागे. कागदावर अंगठा करणाऱ्याला शिक्केवाल्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आणि मगच शिक्का मारायचा, असा कायदा होता. जी म्हातारी माणसे कचेरीपर्यंत चालू शकत नसत, त्यांच्या घरी शिक्केवाला जाई आणि त्या खेपेचे पैसे घरधनी देई. मथुरेच्या वडिलांचे गुडघे गेले, तेव्हापासून त्यांचा शिक्का कमरेला खोचून मथुराच गावोगाव हिंडत होती. घर त्यावरच चालायचे.

खाडीपलीकडे बाबलशेठ नावाचा बडा व्यापारी राहत होता. त्याची मावशी त्याच्याच घरी अंथरुणाला खिळली होती. तिने आपल्या नारळाच्या बागा एकेक करून भाच्याच्या नावे केल्या. दर बागेच्या वेळी मथुरा होडीने खाडी ओलांडून गेली. दर वेळी शेठ म्हणाला, "पैसे पुढच्या खेपेला एकदम देतो गं. मी काय पळून जातोय?"

मग मावशी वारली. बागा संपल्या आणि खेपाही संपल्या. मथुरा पैसे मागायला गेली.

"कसले पैसे?" शेठने विचारले.

"तुमच्या घरी येऊन शिक्के मारले, त्याचे."

"तू कधी आलीस? कागद मी गड्याबरोबर तुझ्याकडे पाठवत होतो. तू आपली घरी चुलीपुढे बसून शिक्के मारलेस. खेपच नाही, तर खेपेचे पैसे कसले?"

"शेठ, तुमच्या याच गड्यांनी मला होडीतून उतरवून घेतलंय."

शेठ गड्यांकडे वळला. "काय रे, हिला कधी पाहिलंय?"

गडी नारळ सोलत होते. "नाय बा," एक जण म्हणाला आणि त्याने खाली मान घालून पुढचा नारळ उचलला.

मथुरा थेट महाराजांकडे गेली. महाराज मनाने वाईट नव्हते, पण हट्टी होते. एकदा बोललेला शब्द ते मागे घेत नसत. त्यांनी शेठला बोलावले. शेठने दरबारातही तेच सांगितले, वर शपथही घेतली.

महाराजांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मुली, घरी बसून शिक्के मारलेस? मग तुमचा शिक्का काढूनच घ्यायला हवा."

"महाराज, मी गेले होते."

"साक्षीला कोण?"

"घरात होते ते सगळे शेठचे चाकर. मावशी तर देवाघरी गेली."

"चाकरांची साक्ष चालायची नाही. मेलेल्यांची तर नाहीच नाही. उद्या दुपारपर्यंत सिद्ध कर की तू याच्या घरी गेली होतीस. नाहीतर शिक्का इथे ठेवायचा आणि घरी जायचं."

ते ऐकून मथुरेच्या वडिलांच्या घशाखाली घास उतरेना. "अगं, आता साक्ष कोण देणार? त्याच्या घराच्या भिंती?"

"भिंती कशाला, अण्णा? घरधनीच देईल," मथुरा म्हणाली. "तुम्ही आधी जेवा."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. मथुरेने शिक्का महाराजांपुढे ठेवला. "महाराज, शेठ मोठे माणूस. ते म्हणतात मी गेले नव्हते, तर नसेन गेले. हा घ्या शिक्का."

बाबलशेठ मिशीत हसला.

"पण महाराज, काम अर्ध्यावर सोडू नका," मथुरा पुढे म्हणाली. "मावशी अंथरुणातून उठत नव्हती आणि मी तिच्याकडे गेले नव्हते. म्हणजे तिला अंगठा करताना मी पाहिलंच नाही. न पाहता मारलेला शिक्का खोटा, आणि खोट्या शिक्क्याचा कागद फाडून टाकायचा, हा तुमचाच कायदा. तेव्हा शेठच्या बागांचे कागद तेवढे मागवा."

"आणि मग बागा कुणाच्या?" महाराजांनी विचारले.

"मावशीला आणखी भाचे आहेत की. मी निरोप धाडला होता. दोघे बाहेर उभे आहेत, बाकीचे होडीतून उतरताहेत."

शेठ ताडकन उभा राहिला. "थांबा महाराज! ती आली होती!"

"काल तर शपथेवर नाही म्हणालात."

"काल आठवलं नाही, महाराज. आली होती. माझ्या ओटीवर बसली होती. हिरवं लुगडं नेसली होती. मी शहाळं दिलं, तर म्हणाली, जरा खारट लागतंय."

"ही एका बागेची गोष्ट झाली. बाकीच्या बागांचं काय?" महाराजांनी विचारले.

"प्रत्येक बागेला आली! मावशीच्या उशाशी बसली, तिच्याकडून अंगठा करून घेतला, मग शिक्का मारला. मी तिथेच उभा होतो. एकदा तर भरतीला होडी उलटायची राहिली, तरी आली." महाराजांच्या कपाळावरच्या आठ्या अजून गेल्या नाहीत असे पाहून शेठ आणखी घाबरला. "काय सांगू महाराज, एकेका बागेला दोनदोनदा आली."

"दोनदा?" मथुरेनेच विचारले.

"हो, दोनदा," शेठ घाम पुसत म्हणाला. "एकदा मावशीला विचारायला, एकदा शिक्का मारायला."

मथुरेने हात जोडले. "महाराज, माझ्या आठवणीप्रमाणे मी बागेला एकेकदाच गेले होते. पण शेठ मोठे माणूस. ते म्हणतात, तर गेले असेन दोनदा."

महाराज इतके हसले की त्यांचा फेटा सुटून खांद्यावर आला. "बाबलशेठ, हिला साक्षीदार मिळेना म्हणून काल मला वाईट वाटत होतं. तुमच्यासारखा साक्षीदार असताना दुसरा हवा कशाला? आता दोनदोन खेपांचे पैसे देऊन टाका. शपथेवर खोटं बोललात, त्याचा दंड वेगळा."

मग त्यांनी शिक्का उचलून मथुरेच्या हातात दिला. "आजपासून हा वडिलांचा नाही, तुझ्या नावाचा. आणि खाडी ओलांडायला सरकारी होडी घेत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबलशेठ स्वतः खाडी ओलांडून आला आणि मथुरेच्या दारात पैसे मोजून देऊन गेला.