रेशमाबाई, सात मुनिया आणि बांबूचं मखर

दरबारात पुन्हा पिसं सापडली! लाल, पांढऱ्या ठिपक्यांची, अगदी सिंहासनाच्या पायाशी.

राणीसाहेबांनी माहेराहून चिमणीएवढ्या बारा मुनिया आणल्या होत्या. उरल्या सात. पाच कुणी खाल्ल्या, हे बोरगडात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण बोलायचं कुणी? रेशमाबाई म्हणजे राजे रणधीररावांची लाडकी मांजर! तिला चांदीच्या वाटीत साय, निजायला मखमलीची गादी आणि येता-जाता मानकऱ्यांचा मुजरा.

"आमच्या रेशमाबाईंवर कुणी आळ घेतला तर याद राखा!" राजे गरजले. "दिवसभर आमच्या मांडीवर असतात त्या. खातील कधी?"

दुपारी जेवण झालं की राजे सिंहासनावरच घोरू लागत आणि मांडी रिकामी होई, हे सांगायची छाती कुणाचीच नव्हती.

"वाऱ्यानं उडाल्या असतील, सरकार," कारभारी अंताजीपंत म्हणाले.

"खिडक्यांना जाळ्या आहेत ना?" राणीसाहेबांनी विचारलं.

"वारा बारीक होता, राणीसाहेब!"

शेवटी सगळा राग निघाला म्हाताऱ्या भिवावर. पाखरं राखायचं काम त्याचं. राजांनी तिथल्या तिथे हुकूम लिहवून घेतला: 'पाखरांना पिंजऱ्यात घालायचं नाही, ती दरबारात उडतानाच शोभतात. मांजराला बांधायचं नाही, एकटं कोंडायचं नाही, आमच्यापासून दूर न्यायचं नाही. यापुढे एक जरी पाखरू गेलं, तर ज्याच्या चुकीनं जाईल त्याचा कडेलोट!'

भिवा घरी आला आणि उंबऱ्यावरच मटकन बसला.

"सूनबाई, आज माझी भाकरी टाकू नकोस."

त्याची सून येसू बुरडाची लेक होती. अंगणात बसून ती टोपली विणत होती. तिनं सासऱ्याला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि हुकूम पुन्हा एकदा सांगायला लावला.

"मामंजी, हुकुमात पाखरं आहेत, मांजर आहे. आणखी कुणाला कोंडू नये असं लिहिलंय?"

"नाही."

"मग उठा, जेवून घ्या!"

दुसऱ्या दिवशी येसू दरबारात उभी राहिली. "सरकार, मामंजी थकलेत. पाखरं मी राखते. फक्त सिंहासनाभोवती थोडं बांबूकाम करायची परवानगी द्या."

"कसलं बांबूकाम?"

"सरकारांना आणि रेशमाबाईंना शोभेल असं."

राजांची छाती फुगली. "मखर! पंत, ही बाई आमच्यासाठी मखर विणणार!"

"आम्हालाच कसं सुचलं नाही, सरकार!" पंत हळहळले.

तीन दिवस येसूनं दरबारातच बसून, मांजरावर डोळा ठेवत कामट्या तासल्या, वळवल्या, विणल्या. वर घुमट केला, पुढे नक्षीचं दार बसवलं. चौथ्या दिवशी राजे ऐटीत आत जाऊन बसले. रेशमाबाई मांडीवर विसावल्या.

"देवच दिसता, सरकार!" पंतांनी हात जोडले.

येसूनं दार लोटलं आणि बाहेरून खुंटी ठोकली. खट्!

मग तिनं मूठभर राळे जमिनीवर उधळले. सातही मुनिया चिवचिवत खाली उतरल्या आणि मखरासमोरच दाणे टिपू लागल्या.

रेशमाबाईंचे कान उभे राहिले. शेपटी फुलली. पुढच्या क्षणी त्यांनी राजांच्या मांडीत नखं रोवून अशी झेप घेतली, की राजांच्या धोतराचा सोगा टर्रकन फाटला! त्या कामट्यांवर आदळल्या, राजांच्या खांद्यावर चढल्या, तिथून पगडीवर, पगडीसकट खाली, आणि पुन्हा दाराकडे! राजांच्या नाकावर तीन लाल रेघा उमटल्या.

"हिला आवरा! हिला बाहेर काढा!"

"बाहेर पाखरं आहेत, सरकार," येसू म्हणाली.

"मग मला बाहेर काढ!"

"तुम्ही बाहेर आलात की रेशमाबाई आत एकट्या कोंडल्या जातील. तसं करायचं नाही, असा सरकारांचा हुकूम आहे!"

"पंत! दार उघडा!"

पंत धावले. खुंटीला त्यांचा हात लागला, तोच येसू म्हणाली, "जरूर उघडा, पंत. मांजर सुटून एखादं पाखरू गेलं, तर चूक कुणाची ते दरबार बघतोच आहे."

पंतांनी हात असा मागे घेतला, जणू निखाऱ्यालाच लागला होता! पहारेकरीही छताकडे बघू लागले.

"सरकार," पंत दुरूनच म्हणाले, "आतमध्ये फार शोभता."

राणीसाहेबांनी पदर तोंडाला लावला. राजे मात्र लालबुंद झाले. "बये! राजाला कोंडतेस? याची शिक्षा ठाऊक आहे?"

येसूनं वाकून मुजरा केला. "हुकूम मी अक्षर न् अक्षर पाळला, सरकार. पाखरं मोकळी आहेत. मांजर बांधलेलं नाही, एकटं नाही, तुमच्यापासून वीतभरही दूर नाही. पाखरांना कोंडायला मनाई, मांजराला कोंडायला मनाई. हुकुमात मोकळं उरलं होतं ते एकच नाव. मी तरी दुसऱ्या कुणाला कोंडणार?"

रेशमाबाई पुन्हा एकदा राजांच्या डोक्यावर चढल्या आणि मुनियांकडे बघून दात कडकड वाजवू लागल्या. राजांनी वर पाहिलं, समोर पाहिलं, फाटक्या सोग्याकडे पाहिलं. आधी त्यांच्या मिशा थरथरल्या. मग पोट हललं. आणि मग राजे असे खदखदा हसले, की मखर करकरायला लागलं!

"लिहा पंत, नवा हुकूम! पाखरं दरबारात राहतील. रेशमाबाई आमच्या महालात राहतील. मध्ये दोन दारं, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही! आणि गडाखालचं वेळूचं बेट आजपासून येसूचं आणि तिच्या लेकराबाळांचं! आता तरी खुंटी काढ गं बाई!"

"काढते, सरकार," येसू मुनियांना घडीभर दरबाराच्या जाळीच्या सज्जात हाकलत म्हणाली. "पण आधी पंतांना हुकुमावर शिक्का मारू द्या!"