दोन फुंकांचा अर्थ

पुष्कळ पूर्वीची ही गोष्ट. त्या राज्याचं नाव आता कोणाला आठवत नाही, पण तिथे जे घडलं ते सांगताना माझा आवाज अजून चढतो. लहानांनी ऐकावं, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावं.

त्या राज्यात एका नदीवर मोठा बंधारा होता आणि बंधाऱ्याखाली काठाकाठाने नऊ गावं होती. प्रत्येक गावाच्या घाटावर एक शिंग टांगलेलं असे आणि शेजारी एक दगड उभा असे. दगडावर कोरलेलं होतं: ‘शिंगाची एक फुंक मारली की बंधाऱ्याचा दरवाजा उघडेल, दोन मारल्या की बंद होईल.’ खाली राजाचा शिक्का. खालच्या गावाची हाक वरच्या गावाने उचलायची आणि आपल्या शिंगाने पुढे पोचवायची. बंधाऱ्यावर आत काय चालतं हे गावकऱ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पाहायची गरजही नव्हती. दगड होता ना!

एका वर्षी बंधाऱ्यावर नवा कारभारी आला. माणूस हुशार होता, हे कबूल केलं पाहिजे. त्याने दुसरा दरवाजा बसवला आणि हाकांचे अर्थ नव्याने लावले. आता एका फुंकेला एक दरवाजा उघडणार, दोन फुंकांना दोन्ही, आणि बंद करायचे असतील तर तीन. राजा स्वतः बघायला आला. त्याने कारभाऱ्याच्या खांद्यावर शेला घातला, ढोल वाजले, पेढे वाटले. दगडांचं नाव कोणी काढलं नाही.

नाही म्हणायला एकाने काढलं. ते दगड कोरणारा म्हातारा पाथरवट तीनदा बंधारा चढून गेला. “कारभारी, अर्थ बदललेत म्हणे. मला नीट सांगा, मी दगड बदलतो.”

“अजून थोडे फेरफार व्हायचेत,” कारभारी म्हणाला. “सगळं पक्कं झालं की बोलावतो.”

बोलावणं कधी आलं नाही. दरवाजे मात्र त्याच दिवसापासून नव्या अर्थाने चालू झाले.

बंधाऱ्याच्या लगेच खाली असलेल्या पहिल्या गावात कोंडाबाई आणि तिची धाकटी जाऊ सुभद्रा उन्हाळ्यात नदीच्या वाळूत कलिंगडं लावत. अर्थ बदलल्यावर पहिल्यांदाच, एका सकाळी, कुठल्याशा गावाने पाणी मागितलं आणि एक दरवाजा उघडला. पाणी वाफ्यांकडे पसरू लागलं. सुभद्रा पात्राच्या मधोमध कलिंगडं गोळा करत होती.

“जाऊबाई, पाणी चढतंय!” ती ओरडली. “बंद करायला सांगा!”

कोंडाबाई घाटावर धावली. तिला वाचता येत होतं. घाईत चूक नको म्हणून तिने ओळीवर बोट ठेवून ती वाचली, आणि शिंग तोंडाला लावून दोन फुंका मारल्या.

वर दोन्ही दरवाजे उघडले.

सुभद्रा सापडली ती दुपारी, तिसऱ्या गावाच्या वळणावर. तिच्या ओटीत दोन कलिंगडं अजून तशीच होती.

तेरावं झालं आणि कोंडाबाई बंधारा चढून गेली. कारभाऱ्याने तिला बसायलाही सांगितलं नाही.

“दोन फुंका तूच मारल्यास ना? मग सांगितलं ते दरवाज्याने केलं. इथे बंधाऱ्यावर पोरासोरांनाही ठाऊक आहे, बंद करायला तीन लागतात. आधी विचारायचं तरी!”

“विचारलं की,” कोंडाबाई म्हणाली. “तुमच्या दगडाला विचारलं.”

“दगड जुना आहे.”

“मग शिक्का कशाला ठेवलात त्याच्यावर? दगड नसता तर मी शिंगाला हात न लावता पात्रात धावले असते, सुभद्रेला ओढून आणलं असतं. तुमच्या अक्षरांनी मला काठावर थांबवलं!”

ती तिथून थेट दरबारात गेली. राजाने सगळं ऐकलं. कारभारी म्हणाला, लिहिणं माझं काम नाही. पाथरवट म्हणाला, मला कोणी बोलावलंच नाही. राजा अस्वस्थ झाला आणि म्हणाला, “नऊही दगड उखडून टाका. दगडच नसले म्हणजे कोणी फसणार नाही.”

कोंडाबाई भर दरबारात कडाडली. “वा, महाराज! खोटं लिहिलं म्हणून लिहिणंच बंद? मग आम्ही काय ऐकीव गोष्टींवर पाण्यात उतरायचं? शेला तुम्ही घातलात. खालच्या गावांना कोण सांगणार, हे तेव्हा का नाही विचारलंत?”

राजाने मान खाली घातली आणि तिलाच विचारलं, “तू सांग, काय करू?”

“दगड बदलल्याशिवाय दरवाज्याचं वागणं बदलायचं नाही. कोरण्याआधी पाथरवटाने स्वतः शिंग फुंकून पाहायचं, खरंच काय होतं ते. आणि जुनी ओळ खरवडायची नाही. ‘अमुक सालापर्यंत असं होतं’ म्हणून खाली ठेवायची, म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांना कळेल काय बदललं ते.”

“आणि कारभाऱ्याला शिक्षा?”

“प्रत्येक गावात दगड कोरून झाला की एक दरवाजा उघडायचा आणि त्याने पात्राच्या मधोमध उभं राहायचं. आम्ही दगड वाचून बंद करायची हाक देऊ.”

राजाने तसा हुकूम केला. आठ गावांत दगड बदलले, आठ वेळा कारभारी पात्रात उभा राहिला, आठ वेळा पाणी थांबलं. शेवटी पहिलं गाव आलं. कारभारी सवयीने वाळूत उतरला आणि त्याने काठाकडे पाहिलं. पाथरवट अजून छिन्नीला धार लावत होता. दगडावर जुनीच ओळ होती, आणि कोंडाबाईने शिंग हातात घेतलं होतं.

“थांब!” कारभारी जिवाच्या आकांताने ओरडला. “बाई, थांब! दगड अजून बदलला नाही!”

कोंडाबाईने शिंग खाली ठेवलं. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज कापला नाही.

“हेच,” ती म्हणाली, “हे एवढंच त्या दिवशी कोणीतरी ओरडायला हवं होतं.”

कारभारी काठावर आला, आणि नवी ओळ पुरी होईपर्यंत पाथरवटासाठी दगड धरून उभा राहिला. त्यानंतर तो बंधाऱ्यावर होता तोवर एकही हाक दगडाला न सांगता बदलली नाही.

तात्पर्य: ज्याच्या हाती वागणं बदलायचा अधिकार आहे, त्याने आधी लिहिलेला शब्द बदलावा, कारण त्याच शब्दावर विसंबून कोणीतरी पाण्यात उभं असतं.