शेवटची काठी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती ज्या राज्यात घडली त्या राज्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही.

त्या राज्यात काठीचेंडू नावाचा खेळ होता. अकरा गडी इकडे, अकरा तिकडे. प्रत्येकाच्या हातात टोकाला वाकवलेली बाभळीची काठी, आणि सगळ्यांत मिळून एक चेंडू, चिंध्यांचा आणि वरून कातड्यात शिवलेला. तो काठीने ढकलत न्यायचा आणि समोरच्यांच्या दोन खांबांमधून पार करायचा, एवढाच खेळ. पण एवढ्याशा खेळासाठी बारा गावची माणसं भाकरी बांधून यायची. ज्यांचं घरात कुणी ऐकत नसे, अशी माणसं तिथे घसा बसेपर्यंत ओरडून हलक्या मनाने घरी जायची.

मैदान एका धन्याचं होतं. त्याच्या पणजोबाला ते राजाने इनाम दिलं होतं आणि इनामाला एक अट होती. दर वर्षी संक्रांत ते होळी या हंगामात तिथे खेळ झालाच पाहिजे. एखाद्या वर्षी झाला नाही, तर होळीच्या दिवशी सूर्य उगवताच मैदानावर सरकारी नांगर फिरेल. ही अट सगळ्यांना ठाऊक होती. ठाऊक होती म्हणूनच तिचा विचार कुणी करत नसे.

या खेळाचा पंच होता सुभानजी. तीस वर्षं तो मैदानात उभा राहिला होता आणि तीस वर्षं दोन्ही बाजूंच्या शिव्या त्याने सारख्याच झेलल्या होत्या. मैदानाभोवती काटेरी कुंपण होतं. चेंडू त्यात गेला की कुणालाच आत शिरायला नको असायचं. "यानं आधी मारला!" "मारला, पण यानं धक्का दिला म्हणून!" अशी हमरीतुमरी सुरू होई. सुभानजी दोन श्वास थांबायचा आणि मग एकच वाक्य म्हणायचा, "शेवटची काठी ज्याची, धाव त्याची."

आधी कुणी मारला, का मारला, हे तो कधी विचारत नसे. ज्याची काठी शेवटची लागली, त्याने मुकाट्याने काट्यांत हात घालायचा आणि चेंडू घेऊन यायचं. खेळ पुढे चालू.

आता झालं असं, की एका वर्षी संक्रांतीच्या आधी सराव चालला असताना बाळोजी नावाच्या गड्याच्या नडगीवर काठी बसली आणि पाय मोडला. गड्यांना मेहनताना धान्यात मिळायचा. खेळला तर दाणे, न खेळला तर काही नाही. मग पाय बरा होईपर्यंत बाळोजीने खायचं काय?

गड्यांचा नाईक धन्याकडे गेला. म्हणाला, "धनी, मैदान तुमचं, खेळ तुमचा, मग मोडका पाय कुणाचा? त्याच्या भाकरीचं तुमीच बघा."

धनी म्हणाला, "वा रे वा! पाय काय माझ्या मैदानाने मोडला? तुमच्याच गड्याच्या काठीने मोडला. त्याला तुम्ही पोसा."

शब्दाने शब्द वाढला. दुसऱ्या दिवशी गावाने पाहिलं, तर गड्यांनी काठ्या देवळात नेऊन ठेवल्या होत्या आणि मैदानाच्या फाटकाला हे भलं मोठं कुलूप लागलं होतं. धनी म्हणाला, यांनी काठ्या ठेवल्या म्हणून मी कुलूप लावलं. नाईक म्हणाला, यांनी कुलूप लावलं म्हणून आम्ही काठ्या ठेवल्या.

दोघेही अखेर सुभानजीच्या ओसरीवर आले. नाईक म्हणाला, "सुभानकाका, तीस वर्सं तुमचा शबूद आमी पाळला. दोष कुणाचा तेवढं सांगा." धनी म्हणाला, "बरोबर. ज्याचा दोष निघेल त्याने माघार घ्यावी. तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा."

सुभानजीचा ऊर भरून आला. तीस वर्षांत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, नुसतं सुनावलं होतं. तो म्हणाला, "घाई करून चालणार नाही. मुळापर्यंत जायला हवं."

आणि तो मुळाकडे निघाला.

त्याला लिहिता येत नव्हतं. त्याने सुताच्या दोन दोऱ्या घेतल्या. धन्याची चूक सापडली की उजव्या दोरीला गाठ, गड्यांची सापडली की डाव्या दोरीला. फाटकावरचा राखणदार म्हणाला, कुलूप कोंबडा आरवायच्या आत लागलं. उजव्या दोरीला गाठ. देवळातला गुरव म्हणाला, काठ्या आदल्या दिवशीच तिन्हीसांजेला आल्या. डाव्या दोरीला गाठ. नाईक म्हणाला, पण त्या तेल लावायला आणल्या होत्या, रुसून नव्हे. सुभानजीने गाठ सोडली. धनी म्हणाला, गेल्या वर्षी गडी खेळ अर्धा टाकून निघून गेले त्याचं काय? पुन्हा गाठ. नाईक म्हणाला, गेले, कारण धन्यांनी ताक बंद केलं होतं. आणखी एक गाठ. ताकावरून गोष्ट बापावर गेली, बापावरून आज्यावर. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. त्यात भांडणाचं मूळही घालायला हवं होतं, पण म्हण करणाऱ्याला सुभानजी ठाऊक नसावा.

दिवस मात्र त्याचे मजेत चालले होते. सकाळी धन्याकडे बोलणं, तिथे बासुंदीची वाटी. दुपारी गड्यांकडे बोलणं, तिथे गरम थालीपीठ. नदीवर गेला तर बायका वाट सोडून उभ्या राहत. "काय म्हणतोय निवाडा?" असं जो तो विचारी, आणि सुभानजी डोळे बारीक करून म्हणे, "चाललंय." दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, तो असा.

संक्रांत गेली. पहिल्या आठवड्यात बारा गावची माणसं सवयीने आली आणि कुलूप बघून परत गेली. दुसऱ्या आठवड्यात सहा गावची आली. महाशिवरात्र उलटली तेव्हा कुणीच आलं नाही. माणसाला ओरडायला काही तरी लागतंच. ती माणसं शेजारच्या राज्यात कुस्त्या बघायला जाऊ लागली. फाटकाबाहेर फुटाणे विकणाऱ्या अनसाबाईने आपली पाटी उचलून बाजारात नेली. मैदानात गुडघाभर गवत झालं. टाळी एका हाताने वाजत नाही, असं गावात सगळे म्हणत होते. ज्याचा हात वर आहे त्याने तो खाली घ्यावा, असं मात्र कुणी म्हणत नव्हतं.

होळीच्या आदल्या दिवशी सुभानजीच्या लक्षात आलं, की ज्याच्यापासून हे सुरू झालं त्या बाळोजीला आपण अजून विचारलंच नाही. कुणाची काठी बसली, हे त्यालाच ठाऊक असणार. कदाचित शेवटची गाठ तिथेच मिळेल. दोन्ही दोऱ्या कमरेला बांधून तो बाळोजीच्या घरी गेला.

बाळोजी भिंतीला टेकून बसला होता. पाय दोन फळ्यांत बांधलेला. समोर अनसाबाई ताटलीत भाकरी आणि पिठलं वाढत होती.

सुभानजीने विचारलं, "अनसाबाई, तू कशी इथे? हा तुझ्या नात्यातला का?"

"नात्यातला कसला! पडला त्या दिशी मी कुंपनापाशीच हुते. मीच हात धरून उठवला. मग म्हटलं, उठवलाय तर खायला कोन घालनार? दोन महिने झालं, घालते."

"पण हे काम धन्याचं की गड्यांचं, हे अजून ठरायचं आहे."

"ठरू द्या की," ती म्हणाली. "पोट काय ठरायची वाट बघतंय?"

सुभानजी खाली बसला. "बाळोजी, खरं सांग. कुणाची काठी बसली?"

बाळोजी म्हणाला, "न्हाई सांगायचा. सांगितलं तर तुमी अजून एक गाठ माराल. आन तो गडी बिचारा रोज येऊन माझा पाय चेपून जातो." मग जरा थांबून तो म्हणाला, "काका, राग येऊ देऊ नका, पन एक सांगतो. चेंडू कुंपनात गेला की तुमी आमाला दोन श्वासांच्या वर भांडू देत नव्हता. ह्यो चेंडू दोन महिने काट्यांत पडलाय. औंदा तुमी ते वाक्य म्हनलाच न्हाई."

सवयीने सुभानजीच्या ओठांवर ते वाक्य आलं आणि सवयीनेच त्याने हिशेब लावला. नाईकाने भांडण धन्याकडे टोलवलं. धन्याने नाईकाकडे. मग दोघांनी मिळून ते कुणाकडे दिलं?

तो रडला नाही, पण बासुंदीची आठवण होऊन त्याला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी होळी. सूर्य उगवला आणि अटीप्रमाणे राजाचा कारभारी चार बैलांचा नांगर घेऊन मैदानावर हजर झाला. किल्ली त्याने मागितली नाही. कुंपण एका बाजूने तोडलं आणि नांगर आत घातला.

सुभानजी नांगरासमोर आडवा पडला नाही. तो त्याचा खेळ नव्हता. तो धन्याच्या दारात गेला आणि म्हणाला, "किल्ली द्या आणि माझ्याबरोबर चला." मग धन्याला घेऊन नाईकाच्या दारात गेला आणि म्हणाला, "गडी बोलाव, काठ्या काढ."

धनी म्हणाला, "आधी निवाडा सांगा. दोष कुणाचा?"

"माझा," सुभानजी म्हणाला.

"तुमचा?" दोघांनी एकदम विचारलं.

"भांडण तुमचं होतं, पण दोन महिने ते माझ्या हातात होतं. शेवटची काठी माझी. आता निवाडा ऐका. पाय बरा होईपर्यंत बाळोजीची भाकरी एक दिवस धन्यांनी द्यायची, एक दिवस गड्यांनी. आणि इथून पुढे ज्याचं हाड मोडेल त्याला हाच नियम."

"एवढंच?" नाईक म्हणाला.

"एवढंच."

धन्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. "अहो, मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? मी कबूल केलं असतं."

"आमी बी केलं असतं," नाईक म्हणाला.

"तुम्ही भाकरीचं विचारलं नाहीत, दोष विचारलात. आणि मला विचारलेलं फार आवडलं," सुभानजी म्हणाला. "आता चला, नांगराचे तास वाढतायत."

किल्ली सापडली, पण कुलूप गंजलं होतं. ते दगडाने फोडलं. काठ्या सापडल्या, पण चेंडू उंदरांनी कुरतडला होता. कातडं गेलं होतं, चिंध्या लोंबत होत्या. सुभानजीने कमरेच्या दोन्ही दोऱ्या सोडल्या आणि चिंध्यांवर गुंडाळल्या, उजवी आणि डावी, एकीवर एक, गाठींसकट. या सगळ्यात दुपार झाली. गडी आत शिरले तेव्हा नांगर मैदानाच्या मधोमध आला होता.

उरलेल्या अर्ध्यात त्यांनी खांब रोवले. बाळोजीच्या जागी घेतलेल्या नव्या गड्यासकट बावीस गडी तिथे मावेनात, म्हणून सात इकडे, सात तिकडे उभे राहिले. बाकीचे आठ बाहेर बसले. सुभानजीने चेंडू टाकला. गाठींमुळे तो सरळ जाईना. एकीकडे मारावा आणि भलतीकडेच उडावा. गडी चिडले, मग हसले. बघायला होती अनसाबाई, तिच्या खांद्याला धरून उभा असलेला बाळोजी आणि नांगराचे चार बैल.

कारभाऱ्याने नांगर थांबवला. तो म्हणाला, "अट उगवतीची होती. आता सूर्य डोक्यावर आला. पण चेंडू पडलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. तेव्हा नांगरलं ते सरकारचं, उरलं ते तुमचं."

धन्याचं अर्धं इनाम गेलं. गड्यांतल्या आठांची जागा गेली. त्यांना दुसरं काम शोधावं लागलं. बारा गावांतली चार परत आली, आठ कुस्त्यांचीच झाली. सुभानजीने मात्र त्या दिवसानंतर पंचाचं काम सोडलं. पुढच्या वर्षापासून तो कुंपणापाशी बसू लागला. चेंडू काट्यांत गेला आणि गडी भांडायला लागले, की तो म्हातारा काही न बोलता उठायचा आणि स्वतःच काट्यांत हात घालायचा. त्याचा रक्ताळलेला हात बघून गडी ओशाळत. हळूहळू त्यांनी भांडणंच सोडली.

नांगरलेल्या अर्ध्यात राजाने ज्वारी पेरली. ती चांगली आली.

तेव्हा मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, एवढं लक्षात ठेवा: भांडण कुणीही लावलेलं असो, ते मिटवणं ज्याच्या हातात आहे आणि जो मिटवत नाही, शेवटचा दोष त्याचाच.