घुमट पालथा का घालतात

त्या दगडावर बसू नका हो, ताई. उठा, उठा. दमला असाल तर इकडे क्रुसाच्या पायरीवर टेका, इथे कोणी काही म्हणणार नाही. तो दगड घुमट ठेवायचा आहे.

घुमट म्हणजे हा, माझ्या खांद्यावरचा. मातीचं मडकं आणि एका तोंडाला ताणलेलं कातडं, बाकी काही नाही. आमच्या सांदोळ्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बाया नवरीला घेऊन तिच्या आंघोळीचं पाणी न्यायला ह्या तळ्यावर येतात. घरापासून इथपर्यंत नुसता धिंगाणा असतो. गाणी, फटाके, होणाऱ्या सासूला टोमणे, आणि पुढे मी घुमट बडवत. ह्या क्रुसाशी आलं की सगळं बंद. मी घुमट खांद्यावरून काढतो आणि त्या दगडावर पालथा घालतो, कातडं खाली. इथून पाण्यापर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही. तान्हं पोर रडलं तर आई त्याला घेऊन मागे जाते. हंडा भरायचा, डोक्यावर घ्यायचा, परत क्रुसाशी यायचं. मग जे होतं ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तुम्ही मोबाइल काढाल.

तुम्ही दोघं बस उतरल्यापासून भांडत आलात, ते मी ऐकलं. म्हातारा मागून चालतो म्हणजे बहिरा असतो असं नाही. आमचा हा ग्लेन शहरात प्रार्थनेच्या मंडळात जायला लागल्यापासून ह्याला सगळीकडे मूर्तिपूजक दिसतात. हळद त्यांची, नारळ त्यांचा, आंब्याचा डहाळा त्यांचा, आता देवळातली, म्हणजे आमच्या चर्चमधली, मेणबत्तीसुद्धा म्हणे रोमन लोकांची. बायबलात कुठे आहे ते दाखवा, नाहीतर बहिणीच्या, विनिताच्या लग्नात हे पाणी नको, म्हणतो. आणि शाल्मलीताई, तुम्ही ह्याच्या कॉलेजातल्या, तुम्हाला त्याच गोष्टीचा आनंद. सगळं मुळात आमचंच, वरून नुसता क्रूस ठेवलाय, तुम्ही आतून होतात तेच राहिलात, असं ह्याला म्हणता. तुम्ही हसत होतात आणि हा तापला होता.

भांडा की! तरुण आहात, भांडायचंच वय आहे. पण ह्या जागेवर नको. ह्याच वादात इथे एक बाई मेली.

वसईच्या किल्ल्यावर फिरंग्यांचं निशाण होतं, तेव्हाची ही गोष्ट असं सांगतात. गावाने बाप्तिस्मा घेऊन दोनेक पिढ्या झाल्या होत्या. त्याआधी ह्या काठावर जळाईचा दगड होता. जळाई म्हणजे पाण्याची देवी. गावातली पोर लग्नाला निघाली की जळाईला सांगून, तिचं पाणी घेऊन, त्या पाण्याने न्हाऊन निघायची. गाव ख्रिस्ती झाला तेव्हा तो दगड तळ्याच्या मध्यभागी नेऊन बुडवला. अजून तिथेच आहे म्हणतात. लहानपणी मी बुड्या मारमारून शोधला, नाकातोंडात चिखल गेला आणि आईचा मार मिळाला.

दगड गेला तरी बाया यायच्या थांबल्या नाहीत. त्या वेळचा पाद्री म्हातारा होता, म्हणे. त्याने पाहिलं, विड्याची पानं आणि हळद घेऊन बाया लपत-छपत येतात आणि भीत-भीत पाणी नेतात. त्याने काय करावं? हा क्रूस उभा केला. म्हणाला, लपू नका, इथे या, आधी ‘आमच्या बापा’ म्हणा आणि मग पाणी न्या. बायांना कोण आनंद! त्यांनी आपल्या गाण्यातून जळाईचं नाव काढलं आणि तिथे मरियामाता, संत आंतोन, संत पेद्रू अशी नावं बसवली. चाल तीच राहिली, घुमटाचा ठेकाही तोच राहिला. त्या पाद्रीने पाप केलं की शहाणपण, ते तुम्ही ठरवा. माझ्याच्याने अजून ठरलेलं नाही.

तो मेला आणि नवा आला. नवा कडक होता. एका रविवारी मिस्सा संपल्यावर त्याने वरून आलेला हुकूम वाचला. हळद, पानं, गाणी, तळ्याचं पाणी, हे सगळं सैतानाचं. जी नवरी त्या पाण्याने न्हाली तिचं लग्न ते लग्नच नव्हे, आणि तिची पोरं पापाची.

तेव्हा गावात कुस्तान नावाची बाई होती. विधवा, एकच मुलगी, नताल. कुस्तान गाण्यांत पुढे असायची. ती सुरुवात करायची आणि बाकीच्या झेलायच्या. तिचा भाऊ इनास घुमट वाजवायचा. हा इनास म्हणजे आमच्या घराचा मूळपुरुष, त्याचाच ठेका माझ्या बोटांत आहे. तर ह्या नतालचं लग्न ठरलं होतं, देवळात नावं पुकारून झाली होती, आणि त्यातच हा हुकूम आला. आता तळ्याचं पाणी घ्यावं तर लग्न मोडलं, आणि न घ्यावं तर गावच्या कोणत्याच बाईला ते लग्न वाटणार नाही. कुस्तानची झोपच उडाली.

आणि आमच्या बायांनी काय करावं? भोळ्या बिचाऱ्या! त्यांना वाटलं, नव्या पाद्रीचा गैरसमज झालाय. त्याने आपलं गाणं ऐकलेलंच नाही. ऐकलं की त्याला कळेल, ह्यात सगळे संतच आहेत. म्हणून कुस्तान गेली आणि त्याला बोलावून आली. तो एकटा आला नाही. किल्ल्यावरचा धर्माधिकारी आला, शिपाई आले, दुभाषा आला. बाया सणासारख्या नटून आल्या. नवं लुगडं, केसांत अबोली. काही लपवायचं नव्हतं ना त्यांना!

ह्या क्रुसाशी उभं राहून त्यांनी गायला सुरुवात केली. दुभाषा एकेक ओळ त्यांच्या भाषेत सांगत होता. मरियामाता झाली, संत आंतोन झाला, संत पेद्रू झाला. धर्माधिकारी खुशीने मान डोलावू लागला, असं सांगतात. ते पाहून इनासला चेव आला. त्याने ठेका दुप्पट केला. जुन्या गाण्यात देवीच्या नावाशी आलं की ठेका असाच चढायचा. बोटांना ते ठाऊक होतं, डोक्याला नव्हतं. आणि गाणाऱ्याची जीभ घुमट नेईल तिकडे जाते हो. कुस्तानच्या तोंडून निघून गेलं, “जळाई माये.”

बाया थांबल्या. इनासचा हात थांबला. दुभाषा इथलाच होता, त्याला ते गिळता आलं असतं. त्याने गिळलं नाही.

ही कोण, असं धर्माधिकाऱ्याने विचारलं. मग विचारलं, आणखी कोण कोण हे नाव घेतं? कुस्तानने बायांकडे पाहिलं. सगळ्या खाली बघत होत्या. इनासने एवढंच म्हणायला हवं होतं की साहेब, हात माझा चुकला. तो गप्प राहिला. तेव्हा कुस्तान म्हणाली, “मी एकटीच गाते. ह्या नुसतं तोंड हलवतात.”

तो माणूस राक्षस नव्हता, म्हणे. त्याने तिला वाट दिली. हे पाणी सैतानाचं आहे असं सगळ्यांसमोर म्हण आणि घरी जा, रविवारी मुलीचं लग्न मी स्वतः लावतो. कुस्तानने नतालकडे पाहिलं. मग म्हणाली, “साहेब, मी पण ह्याच पाण्याने न्हाले होते. हे सैतानाचं म्हटलं तर माझं लग्न खोटं, माझा मेलेला नवरा खोटा, आणि ही माझी पोर पापाची. हुकूम तुमचाच आहे ना तसा? मग मी कशी म्हणू?”

“मग कोणाचं आहे पाणी?” त्याने विचारलं.

“आईने मला न्हाऊ घातलं, तिला तिच्या आईने. कोणाचं म्हणून कोणी विचारलं नाही,” ती म्हणाली.

त्याला तो उद्धटपणा वाटला. त्याने हुकूम दिला, हिला पाण्यात उभी करा, म्हणेपर्यंत बाहेर काढू नका. नाताळ नुकताच होऊन गेला होता, खाडीवरून गार वारा सुटला होता. छातीभर पाण्यात तिला उभी केली आणि शिपाई काठावर बसले. देवळाची घंटा झाली की पाद्री येऊन विचारायचा आणि ती नाही म्हणून मान हलवायची. दुपारी धर्माधिकारी काठावर आला आणि गावाला म्हणाला, अजून वेळ आहे. आणखी जे कोणी गात होते त्यांनी पुढे यावं. शिक्षा वाटून देईन, दंडावर भागवीन, आणि हिला आत्ता बाहेर काढतो.

सगळा गाव इथे उभा होता. तुम्ही बसलात तिथपासून त्या चिंचेपर्यंत. एकीने तोंड उघडलं, म्हणे, तर नवऱ्याने तिचा दंड धरला. नताल पुढे धावली, तर बायांनी तिला मागे ओढली आणि तिच्या तोंडावर हात दाबला, तुझं लग्न मोडेल म्हणून. पाण्यातून कुस्ताननेही मान हलवली, नको म्हणून. आणि इनास तिचा सख्खा भाऊ, घुमट पोटाशी धरून उभा. ज्या गावात दोन माणसं भेटली तरी बडबड थांबत नाही, त्या गावाला त्या दिवशी वाचा नव्हती. अरे, एकाने! एकाने जरी म्हटलं असतं! मला अजून राग येतो, आणि ती तर माझीच माणसं.

संध्याकाळच्या घंटेला पाद्री विचारायला आला तेव्हा विचारायला कोणी उरलं नव्हतं. ती ओरडली नाही, हाक मारली नाही. कधी खाली गेली ते काठावर उभ्या असलेल्या कोणालाच सांगता आलं नाही.

देवळाच्या आवारात तिला जागा मिळाली नाही. इथे पुरली. होय ताई, तो दगड तिचा आहे. म्हणून म्हटलं, उठा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नताल घरातून हंडा घेऊन निघाली. हळद नाही, पान नाही, डहाळा नाही, सोबत कोणी नाही. तळ्याशी शिपाई होते. ती त्यांच्यामधून सरळ पाण्यात गेली, आई जिथे उभी होती तिथपर्यंत, आणि हंडा भरला. पाद्रीला बोलावलं. त्याने हंड्यात पाहिलं, नुसतं पाणी. तिचे हात पाहिले, हळद नाही. तिला विचारलं, काय म्हटलंस पाण्यात? ती काही बोलली नाही, कारण ती काही म्हणालीच नव्हती. हुकुमात गाणं होतं, हळद होती, पानं होती. आणि तळ्याचं पाणीही होतं, पण ते डोळ्यांसमोर असूनही पाद्रीने तिची वाट सोडली. का, ते कोणी सांगत नाही. त्याला लाज वाटली असेल, असं मी धरून चालतो.

आईच्या मरणाच्या पाण्याने ती न्हाली आणि रविवारी देवळात उभी राहिली. ह्या गावातली बरीचशी घरं तिच्याच पोटची.

लग्नाहून परतताना नताल इथे आली तेव्हा इनास त्या ओल्या मातीपाशी बसला होता. त्याने घुमट मातीवर पालथा घातला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, “मी वाजवत होतो.” मग नतालच्या मागून एक बाई म्हणाली, “मी गात होते.” मग दुसरी, मग तिसरी. सगळ्या म्हणाल्या. नताल ऐकत होती. तिने त्यांना बरं म्हटलं नाही आणि वाईटही म्हटलं नाही. ती चालायला लागली.

ग्लेन, उद्या तुझ्या बहिणीचं पाणी आहे. तुझं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणत नाही, तळ्यात खरंच जळाई आहे. ताईंचं म्हणणं खोटं आहे असंही म्हणत नाही. पण क्रूस वरून नुसता ठेवलेला नाही, ताई, त्याच्या पायाशी आमचं माणूस आहे. तुला थांबवायचं असेल तर थांबव, बाबा. फक्त सगळ्यांसमोर तोंडाने सांग. काठावर गप्प उभा राहू नकोस, तेवढं ह्या जागी नको.

आजही इथे कोणी विचारत नाही की पाणी कोणाचं. हंडा भरून नवरी क्रुसाशी आली की मी दगडावरचा घुमट उचलतो आणि मोठ्याने म्हणतो, “मी वाजवत होतो.” पहिलं मीच म्हणायचं, आमच्या घराला तो नेम आहे. मग बाया एकेक करून म्हणतात, “मी गात होते.” सुना म्हणतात, लेकी म्हणतात, ज्यांना गाण्याचा सूरही धरता येत नाही त्याही म्हणतात. नवरी काही उत्तर देत नाही, नतालने दिलं नव्हतं. ती हंडा सावरते आणि घराकडे चालू लागते, आणि आम्ही सगळे तिच्या मागून जातो.