पडद्यामागचे सरकार

विलायतेहून विज्ञान शिकून परतलेल्या सगुणेला वाटलं होतं, मुलींच्या शाळेला संस्थानात आनंदानं परवानगी मिळेल. पण दिवाण म्हणाले, "सरकार शिकारीला गेलेत, बाई. पुढच्या वर्षी या."

सगुणेची नजर कोपऱ्यातल्या तिरप्या आरशावर गेली. "सरकार तर पडद्यामागे मिशीला पीळ देत बसलेत!"

"आरसा आम्ही लोकांवर नजर ठेवायला लावलाय!" आतून सरकार गरजले. "आम्ही तुला कसे दिसलो?"

"उजेड ज्या वाटेनं माझ्याकडून तुमच्याकडे येतो, त्याच वाटेनं तुमच्याकडून माझ्याकडेही येतो, सरकार. आरसा राजा आणि रयत असा भेद करत नाही."

सरकार बाहेर आले आणि आरशापुढे थक्क होऊन उभे राहिले. "म्हणजे इतकी वर्षं सगळे आम्हाला पाहत होते? शाळा काढा, बाई. पण हे आधी आम्हाला शिकवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणेनं ठरवलं, पहिला धडा याच आरशाचा, आणि सरकार बसतील मुलींच्याच रांगेत, सतरंजीवर.