मंगळवारचं कुलूप

“...मग परशरामला मठातून काढणार की नाही, बाबा?” सारंगधरनं विचारलं.

मुरारीबाबा पोथीचं बासन बांधत होते. गाठ मारून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

“काहून?”

“कॉम्प्युटर त्यानंच बिघडवला. बुधवारी सकाळी त्या खोलीत झाडायला तोच गेला होता. मी गेलो तेव्हा स्क्रीन काळा.”

“हात लावताना पाहिलंस?”

“पाहिलं नाही. पण...”



सारंगधर आधी शहरात इंजिनिअर होता. दीक्षा घेऊन त्याला तीन वर्षं झाली होती. सांकेतिक लिपीतल्या जुन्या पोथ्या कॉम्प्युटरवर उतरवायचं काम त्याच्याकडे होतं. ती लिपी वाचण्यात मात्र परशरामचा हात धरणारा मठात कुणी नव्हता. परशराम वाचायचा, सारंगधर टाइप करायचा. एवढं वाचणारा माणूस एक दिवस सगळं घेऊन पसार होईल आणि त्यावर स्वतःचं नाव लावील, असं सारंगधरच्या मनानं घेतलं होतं.

दोन दिवस तो परशरामवर नजर ठेवून होता. परशराम हसला, तर का हसला? गप्प बसला, तर का? काल त्यानं सहज विचारलं, “दादा, मशीन कधी सुरू होईल?” त्यात सारंगधरला कबुलीच ऐकू आली.

“दुरुस्त होतं का ते?” बाबांनी विचारलं.

“मशीनसोबत आलेली सीडी आहे. तिच्यात दोन वाटा. सगळं पुसून नव्यानं घालायचं, नाहीतर आहे ते दुरुस्त करायचं. मी पुसणार. कुणी आत काय करून ठेवलंय, कुणास ठाऊक!”

“आणि उतरवलेल्या पोथ्या?”

अकरा पोथ्या होत्या. त्यांतल्या दोन मालकांनी परत नेल्या होत्या, पुन्हा मिळणार नाहीत असं बजावून.

“दुरुस्त कर,” बाबा म्हणाले. “मी बसतो.”

कॉम्प्युटरच्या खोलीत बाबा दाराशी बसले. सीडी आत गेली, घरघरली. सारंगधरनं दुरुस्तीची वाट धरली. मशीननं विचारलं, कोणत्या दिवसावर परत जायचं? खाली यादी होती. शेवटचे बदल कधी झाले, कुणी केले.

“बघा आता, बाबा. इथे नावच येतं.”

तो पुढे वाकला... आणि तसाच राहिला.

मंगळवार, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. कुलपाचा प्रोग्राम. अर्धवट. नाव, सारंगधर.

परशरामला मशीन उघडता येऊ नये म्हणून त्यानंच ते कुलूप घालायला घेतलं होतं. मध्येच वीज गेली. तेवढ्यात प्रार्थनेची घंटा झाली, तो उठून गेला, आणि पुढे ते त्याच्या ध्यानातूनच गेलं. त्या अर्धवट कुलपानंच मशीन बिघडलं होतं.

बाबांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. “कुणाचं नाव आहे?”

“...माझं.”



सारंगधरनं सोमवार निवडला. मशीन बंद झालं, पुन्हा उघडलं. अकराही पोथ्या जागच्या जागी होत्या. पण त्याला बरं वाटेना. खिडकीबाहेर परशराम विहिरीवर पाणी शेंदत होता, कसलं तरी पद गुणगुणत.

सारंगधर ताडकन उठला.

“मी त्याच्या पायांवर डोकं ठेवतो. मनात काय काय आणलं, सगळं सांगून टाकतो. त्याशिवाय मला घास गोड लागायचा नाही.”

दाराशी पोचतो तो उंबऱ्यावर बाबांची काठी आडवी.

“जाऊ द्या, बाबा. क्षमा मागायचीय.”

“त्याला काही ठाऊक आहे?”

“...नाही. मी फक्त तुमच्याशीच बोललो.”

“मीही कुणाजवळ बोललो नाही.”

बाहेर रहाट करकरत होता. काठी काही हलली नाही.

“तुझ्या पायातला काटा, सारंगधर... त्याच्या पायात रुतवून येणार आहेस का?”